कुरुंद्यात केलेली भाषा

बाळांनो, फोनवर तुमची आई माझ्याशी मध्येच जे बोलते, ते तुम्हाला वाटतं तसं तेलुगू नाही. परवा धाकटीने विचारलं तेव्हा तुमची आई हसून म्हणाली, "आमचा जुना खेळ आहे गं." खेळ नव्हता तो. ती भाषा होती, तिला व्याकरण होतं आणि ते मी केलं होतं. खेळ म्हणून तुमच्या डोक्यात पक्कं बसण्याआधी नीट लिहून ठेवते.

नव्वदच्या दशकात आपलं कुरुंद्याचं घर एकत्र होतं. स्वयंपाकघरात बोललेलं क्षणात ओसरीवर पोचायचं. लेकीशी दोन शब्द एकांतात बोलावेत, तर जागा नव्हती. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, म्हणून तिच्याशी इंग्रजीत बोलून पाहिलं. लगेच ऐकू आलं, "शिकलेपणा दाखवून राहिली." मग ठरवलं, कोणाच्याच मालकीची नसलेली भाषा आपणच करायची. तुमची आई तेव्हा चौथीत होती.

हळद काढली की गड्ड्यांची हळकुंडं मोडून वेगळी करायची, हे बायकांचं काम. ढिगाशी बसल्याबसल्या मी शब्द करत गेले. गड्ड्याला जशी हळकुंडं फुटतात, तसे एका मूळ शब्दाला बाकीचे फुटले पाहिजेत. 'केव' म्हणजे शिकणं, 'केवा' शिक्षण, 'केवी' शिकणारं माणूस, मग ती बाई असो की बाप्या. तू, तुम्ही, आपण या तिन्हींच्या जागी एकच शब्द ठेवला, 'मो'. सासऱ्यांनाही मो आणि मांजरालाही मो. अपवाद एकही नाही, हा माझा हट्ट.

"आई, मराठीत एवढे अपवाद आहेत, तरी लोक बोलतातच की."

"म्हणूनच आपल्यात नकोत."

"मग मांजराच्या पिल्लाला तरी वेगळा शब्द दे ना."

मी दिला नाही. तिने स्वतःच केला आणि मी मान्य करेपर्यंत वापरत राहिली.

तुमच्या पणजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे सहन होईना. "काहून वं, माय-लेकी मंतर टाकून राहिल्या का माझ्या हळदीवर?" आधी त्यावर सगळ्या हसायच्या. पण एका वर्षी कंद सडले आणि हसणं थांबलं. सासूबाईंनी बजावलं, "या घरात आता ते बोलायचं न्हाई."

मी म्हणाले, "कंद शेजाऱ्यांचेही सडले, आत्याबाई. त्यांच्या घरी कोण मंतर टाकतं?"

त्या दिवसापासून आम्ही अंगणात बसून, मोठ्याने बोलू लागलो.

तुमची आई बारावी पास झाली. तिला औरंगाबादला विज्ञान शिकायला जायचं होतं, आणि घरच्यांनी तिला न विचारताच जिल्ह्यातल्याच गोरेगावचं स्थळ बोलावलं. मुलगा नोकरीतला होता. नकार द्यायचा तर मुलाकडच्यांनी द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. त्यांना मुलगी पसंत पडली की विषय संपला, आणि तिची औरंगाबादची वाटही.

पाहुणे बैठकीत बसले. तिला पाटावर बसवलं. नाव विचारलं, स्वयंपाक विचारला, चालून दाखवायला सांगितलं. ती चालली. मुलाचे मामा खूश होऊन तुमच्या आजोबांना म्हणाले, "आमाला पसंत हाय. सुपारी फोडायची का?"

मी दारात उभी होते. तिथूनच आमच्या भाषेत तिला विचारलं, "मो पेन?" तुला हवं आहे का?

तिने मान वर केली. "तिर. केवा पेन." नको. शिक्षण हवं आहे.

 मग मामांनी मांडीवर थाप मारली. "वा! पोरगी तं फाडफाड इंग्रजी बोलून राहिली! मायसुद्धा शिकलेली! आता तं पक्कंच करा."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते इंग्रजी नाही हे फक्त आम्हा घरच्यांनाच माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला विनंती दिसली. गप्प बस, इंग्रजीच राहू दे.

मी बैठकीत गेले. तोवर पाहुण्यांसमोर मी कधी बैठकीत पाऊल टाकलं नव्हतं. "हे इंग्रजी नाही, मामा. आमची घरची भाषा आहे. मी तिला विचारलं, हवं का. ती नको म्हणाली."

"तिला काय कळतंय, बाई?"

"तुम्ही विचारलं होतं का?"

पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. जीप निघाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नाक कापलं माझं. चार माणसांत!" तुमच्या आजोबांनी टोपी काढून खुंटीला लावली. मग विचारलं, "औरंगाबादला अर्ज कधी भरायचा?" मी तारीख सांगितली. मला पाठ होती.

सासूबाईंनी हळदीचा हंगाम येईपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्याचं काही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

तुमची आई शिकली, नोकरीला लागली आणि तिने स्वतः विचार करून लग्न केलं. भाषा मात्र झिजली. पिकांची नावं गेली, नात्यांची गेली, रंगांतले दोनच उरलेत. बोलणाऱ्या आम्ही दोघी आहोत, आणि भांडायला लागेल तेवढी ती अजून दोघींनाही पूर्ण येते.