एकमताने नव्हे

आम्ही आखातात होतो तेव्हा अल मनखूलमधल्या आमच्या शेजारच्या वहिनी लिफ्टमध्येसुद्धा वाद घालायच्या आणि "खलास!" म्हणून स्वतःच तो संपवायच्या. एकदा मराठी मंडळाच्या सभेत एक ठराव आला. नोकरदारांच्या आखातात शिकणाऱ्या मुलांना इंजिनिअरिंगला राखीव जागा द्याव्यात, अशी मागणी विधिमंडळाकडे करायची होती. वहिनींची मुलगी तेव्हा बारावीत होती.

"एकमताने मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

वहिनी ताडकन उठल्या. "एकमत कसलं? लेबर कॅम्पातल्या माणसांची मुलं गावी शिकतात. त्यांच्या जागा आपण घ्यायच्या? माझा विरोध लिहा."

"मम्मा, प्लीज सिट डाउन," मुलगी पुटपुटली.

"नाही बसणार."

सेक्रेटरींनी 'एकमताने' खोडून 'बहुमताने' लिहिलं, तोवर त्या उभ्याच होत्या. ठराव मुंबईला गेला, पण वहिनींच्या विरोधासकट.