अण्णांच्या नावावरचा गूळ

गोष्ट रंगवावी तर मी, असं आमच्या मखमलाबादच्या शिवारात कुणीही सांगेल. हळद असो, डोहाळजेवण असो, माझ्याभोवती बायका जमतातच. त्यात गूळचोर अण्णांची गोष्ट तर लोक मागून घेतात. मी अण्णांसारखी मान खाली घालते, आईसारखी कमरेवर हात ठेवते, आणि हशा पिकतो. त्या गोष्टीत एक जागा खोटी आहे. ती कुठली, हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही — आज तुम्हाला सांगते आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. भाजीपाला पिकवायचे. साखरेचा आजार जुनाच होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी छातीत कळ आली आणि बायपास करावी लागली. म्हशी विकल्या, शस्त्रक्रिया पार पडली. घरी सोडताना डॉक्टरांनी खाणंपिणं समजावलं. त्यातली फळंबिळं ऐकून आई नुसती मान डोलवत होती. घरी येऊन तिनं आपली रीत बसवली — बाजारातून जे न विकता परत येईल, ते अण्णांचं पथ्य. दोडके परतले की दोडके. कारली परतली की कारली. मेथीचा भाव पडला की आठवडाभर मेथी. सोबत नागलीची भाकरी, मुगाचं पातळ वरण, आणि तेल चमच्यानं. अण्णा म्हणायचे, "बाजार पडला का मी जगतो." कुरकुर नाही. ताटात येईल ते खायचे, गोळी वेळेवर घ्यायचे.

आता माझं. मी तेव्हा लग्नाची होते, आणि नाटकी तर जन्माचीच. शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे नातेवाईक बसलेले. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले — अण्णा बरे होऊ देत, मी वर्षभर गोड तोंडात घालणार नाही. आत्याच्या डोळ्यांना पदर लागला. "लेक असावी तर अशी," ती म्हणाली. आमच्याकडे नवसाला गोड सोडतात, त्यात नवल नाही. पण मी ते सोडलं असं, की गावभर झालं. कुणाच्याही घरी जा, माझ्या ताटात पुरणपोळीच्या जागी साधी पोळी यायची, आणि वाढणारीचा हात जरा आदरानं वाकायचा. तो आदर मला फार आवडला. व्रत नाही आवडलं.

खुडणीला येणाऱ्या बायकांच्या चहासाठी घरात गुळाची ढेप असायची. पहिला खडा मी कधी खाल्ला? फार दिवस गेले नव्हते, एवढं आठवतं. सुरीनं पातळ काप काढायचा, मूठभर शेंगदाणे घ्यायचे, दाराआड उभं राहायचं. मग रोजचंच झालं.

ढेप झिजलेली आईच्या ध्यानात आली. घरात साखरेचा माणूस एकच, आणि गोड सोडलेली मुलगीही एकच. तिनं कुणावर संशय घ्यावा?

"मी हातबी लावला नाय गं," अण्णा म्हणाले.

"मग उंदरानं सुरी घेतली व्हय हातात?"

मी हसले. मोठ्यानं हसले — तेव्हाच गोष्ट तयार झाली बहुतेक. अण्णांनी पुन्हा सांगितलं, मी खाल्ला नाय. आईनं वाद घातला नाही. तिनं हिशेब केला: गूळ पोटात जातोच आहे, तर भाकरी कमी. ताट मी वाढायचे. रोज दीड भाकरी असायची, त्या दिवसापासून मी अर्धीच वाढायला लागले. अण्णांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जेवले. साखरेची गोळी मात्र तेवढीच.

दोन-तीन दिवसांनी मळ्यात कोथिंबिरीच्या वाफ्यात ते एकदम खाली बसले. अंगाला घाम, हात थरथरतायत, बोलणं जडावलेलं. आम्हाला वाटलं, पुन्हा हृदय. शेजारच्यांच्या टेम्पोत फ्लॉवरच्या गोण्या बाजूला सारून त्यांना आडवं केलं. द्वारका चौकात गाड्या तुंबल्या होत्या. आई त्यांच्या छातीवर हात ठेवून बसली होती, आणि मला माहीत होतं — हृदय नसेल, तर काय असेल. माहीत होतं का? होतं. पोटात अन्न नाही, हे ताट वाढणारीला नाही कळणार तर कुणाला?

डॉक्टर म्हणाले, साखर उतरली आहे. सलाईन लावलं, अण्णांनी डोळे उघडले. जेवण का तुटलं, असं विचारल्यावर आईनं गुळाचं सांगितलं. डॉक्टर आधी तिच्यावर चिडले, मग अण्णांवर. "काका, चोरून खायचं वय आहे का हे?"

अण्णा सलाईनच्या सुईकडे बघत म्हणाले, "नाय खाल्ला साहेब."

सगळे माझ्यासमोर होते. एका वाक्याचं काम होतं. आणि मी म्हणाले, "अण्णा, गूळ संपला म्हणून थेट शिरेतून घेताय होय?" नर्स हसली. डॉक्टर हसले. आईसुद्धा रडता रडता हसली. गोष्टीला शेवट मिळाला.

पुढे भाकरी दीड झाली, आणि ढेप कुलपात गेली. माझं वर्ष पुरं झालं तेव्हा आत्यानं मला स्वतःच्या हातानं पेढा भरवला. मी डोळे मिटून खाल्ला.

अण्णा आणखी बरीच वर्षं जगले. कुणी चहाला गूळ काढला की ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसत. सुरुवातीला "मी खाल्ला नव्हता" म्हणत. नंतर म्हणेनासे झाले. शेवटच्या दिवाळीत माझी मुलं त्यांच्या खाटेभोवती होती, धाकटीनं विचारलं, आजोबा, तुम्ही खरंच गूळ चोरायचात?

"लय चोरला," अण्णा म्हणाले. मुलं खिदळली. पुढे काय सांगायचं ते त्यांना सुचेना. जे केलंच नव्हतं, ते कुठून सुचणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "सांगा ना अण्णा, सुरीनं कसा कापायचा ते."