शनिवारचं मोरचूद

वटारच्या यमुनाकाकीला हार माहीत नव्हती. पण त्या वर्षी, नव्व्याण्णव साली, मर रोगाने तिचं नाक जमिनीला टेकवलं. पानमळ्यात वेली बुडाशी कुजून पटापट माना टाकत होत्या. सासूबाईंच्या हातचं ते वाण, दुसरीकडे कुठे उरलं नव्हतं. शेवटच्या अठरा वेली राहिल्या होत्या. नवरा आत्माराम लकव्याने खाटेवर होता, आणि रोज सकाळी मळ्यातलं एक पान खाल्ल्याशिवाय त्याचा दिवस उजाडत नसे.

मर थांबवायला काकीने जैविक खतांची परीक्षाच घेतली. दर सोमवारी सहा वेलींना पुडीतली पूड, सहांना बाटलीतलं औषध, सहांना घरचं शेणपाल्याचं कुजलेलं खत. खुंटांना तीन रंगांच्या चिंध्या बांधून रोज माती हुंगायची, बोटाने बूड चाचपायची. दोन महिन्यांत सतरा वेली गेल्या. विकणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला, देवाशी भांडण झालं, तरी माती ढिम्म.

शेजारची विनिता शेतकी शाळेत शिकत होती. ती बघायला आली आणि मेलेल्या वेलींच्या बुडाशी निळसर डाग पाहून थबकली.

"काकी, मोरचूद घालता?"

"मंग? दर शनवारी, चुन्यात कालवून. सासूबाय सांगून गेली, शनवार चुकला की वेल चुकली."

"अहो, या खतातली बुरशी जिवंत असते. चांगली बुरशी. मोरचूद सगळीच बुरशी मारतं. घरच्या खतातलीसुद्धा."

काकीने बोटांवर वार मोजले. म्हणजे सोमवारी वाढायचं आणि शनिवारी मारायचं, तेही स्वतःच्या हाताने! उरलेली अठरावी वेल विहिरीच्या काठाशी होती. बादलीतलं मोरचुदाचं पाणी तिथवर कधी पुरतच नसे. तिच्या खुंटाला घरच्या खताची पांढरी चिंधी होती. पण तिचंही खालचं पान पिवळं पडू लागलं होतं.

पुढच्या शनिवारी बादली ओसरीत पालथीच राहिली. हात मात्र सारखे तिच्याकडे जात होते. चाळीस वर्षांची सवय मोडताना काकीला सासूशी बेइमानी केल्यासारखं वाटलं. मग तिने त्या एकुलत्या वेलीचं पान खुडलं.

सतरा वेली गेल्याचं तिने खाटेवरच्या आत्मारामला सांगितलंच नव्हतं. त्याने पान गालात धरलं आणि वाकड्या तोंडाने विचारलं, "आज शनवार ना? मोरचूद घातलंस?"

"घातलं," काकी म्हणाली.

"सगल्या वेलींना?"

"सगल्या," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून मागच्या दारी गेली.