डबीवरचा शिक्का

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही—आणि तिच्यापासून मी कधी चोरून खाल्लेला गुळाचा खडासुद्धा लपवू शकलो नव्हतो. एवढी एक गोष्ट मात्र चाळीस वर्षं पोटात ठेवली. बायको गेली. आता घरात मी आणि रेडिओ. पण म्हणून सांगतो आहे, असंही नाही... काऊन सांगतो आहे, ते मलाच धड कळत नाही बाप्पा.

कुठून सुरू करू? डबीपासून करतो. ते सोपं आहे.

सागवानाची डबी होती. तळहातात मावणारी, दोन्ही बाजूंनी उघडणारी—एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना. झाकण इतकं नेटकं की खिशात उलटीपालटी झाली तरी तंबाखूचा कण सांडायचा नाही. वरच्या बाजूला तापल्या लोखंडानं उठवलेला गोल शिक्का. गोलात इंजिनाचं चाक, खाली कंपनीची तीन अक्षरं. तुमच्या घरी एखाद्या म्हाताऱ्याच्या ट्रंकेत सापडेलही. सापडली तर तडकलेली असेल. त्याचंही सांगतो पुढे.

तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत. मी एका ऑइल इंजिनाच्या कंपनीच्या एजंटाकडे नोकरीला होतो. आम्ही त्यांना शेठजी म्हणायचो. चांद्याच्या मैदानावर शेतीच्या यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. विहिरीचं पाणी आपोआप वर येतं, हे लोकांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. पण शेठजी हुशार माणूस. म्हणाले, "लोक इंजिन पाहाले येत नाईत रे. फुकटचं घ्याले येतेत. घ्याले आले की मंग पाहातेत." मोठ्या कंपन्या कॅलेंडरं वाटायच्या, आरसे वाटायच्या. शेठजींना अशी वस्तू हवी होती की माणसानं ती दिवसातून दहा वेळा खिशातून काढावी आणि दर वेळी त्याला कंपनीचं नाव दिसावं.

डबीची कल्पना माझी. हो, माझीच. या जिल्ह्यात तंबाखू न खाणारा माणूस शोधून दाखवा! शेठजींनी पाठ थोपटली. म्हणाले, "हे काम नीट झालं का तुले नागपूरच्या दुकानावर पाठवतो." नागपूर! मी सव्वीस वर्षांचा होतो, चांद्याच्या धुळीला कंटाळलो होतो. त्या एका शब्दासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. केलंच.

डब्या करणारा माणूस मला ठाऊक होता. लालसू त्याचं नाव. आलापल्लीच्या पुढे, पायी तीन तासांवरच्या जंगलगावातला माडिया. वयानं माझ्या बापाच्या जागचा—आणि मी त्याला सरळ 'लालसू' म्हणायचो, 'तू' म्हणायचो. तो मला 'बाबू' म्हणायचा, 'तुमी' म्हणायचा. तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हीच तर गंमत. गेलो की तो स्वतःची खाट मला देऊन आपण जमिनीवर बसायचा. त्याची बायको सोमारी मडक्यातलं गार पाणी आणायची. पटाशी हातात आली की लालसू बोलायचं बंद करायचा. डबीला आतून अंगठा फिरवून बघायचा, आणि अंगठ्याला काही टोचलं तर अख्खी डबी चुलीत. मी ओरडायचो, "अरे, फुकट वाटायची आहे!" तो नुसता हसायचा.

आता एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या जंगलात साग सरकारचा. आपल्या दारात उगवला तरी हात लावायचा नाही. जंगल खात्याचे साहेब येणार, झाड निवडणार, शिक्क्याचा हातोडा मारणार. बुंध्यावर एक गोल खूण, तोडलेल्या लाकडावर दुसरी. खूण उठली की लाकूड मोकळं. खूण नाही, तर चोरी. लालसू कित्येक हंगाम खात्याच्या तोडीवर मजूर होता. अक्षर त्याला एक येत नव्हतं, पण हा कायदा मात्र त्याच्या हाडात मुरलेला.

ठरलं असं होतं की आलापल्लीच्या डेपोतून सागाचे तुकडे रीतसर पास काढून मी आणून द्यायचे. पहिले आणले. चाळीसेक डब्या झाल्या, तुकडे संपले. दुसऱ्यांदा गेलो तर डेपोतला कारकून म्हणाला, साहेब दौऱ्यावर, आठ-दहा दिवसांनी या. प्रदर्शनाला उरले होते तीन आठवडे. आणि मी शेठजींना आधीच सांगून बसलो होतो—लाकडाची सोय झाली, काळजी नको. झाली नव्हती. पण आता परत जाऊन "झाली नाही" कोण म्हणणार?

म्हणून मी डेपोतून रिकाम्या हातानं निघालो आणि लालसूकडे गेलो. रिकाम्या हातानं म्हणजे—हातात ते लोखंड होतं. डब्यांवर डाग द्यायचं, लांब दांड्याचं, कंपनीनं मुंबईहून घडवून पाठवलेलं. लालसूनं ते विस्तवात घातलं, लाल झाल्यावर एका फळीवर दाबलं. धूर निघाला. त्यानं फुंकर मारली. गोल खूण. गोलात चित्र, खाली अक्षरं. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं मला विचारलं.

थांबा. मी काय बोललो ते सांगायच्या आधी... नाही. आधी काही नाही. एवढी वर्षं हेच करत आलोय—आधी हे सांगतो, आधी ते सांगतो.

त्यानं विचारलं, "बाबू, हा सरकारचाच शिक्का हाय का?"

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो. वर न बघता म्हणालो, "हो रे. सरकारचाच. कंपनीले सरकारनंच देला."

"मंग लाकडाची काई अडचण नाई," तो म्हणाला. एवढा खूश झाला!

जीभ घसरली म्हणू? कळलं नाही म्हणू? कळलं होतं हो मला. तो हे लोखंड घेऊन जंगलात जाणार, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी नाडी बांधत राहिलो, कारण नाडी बांधणाऱ्या माणसाला दुसरीकडे बघावं लागत नाही.

दोन आठवड्यांनी गेलो तर डब्या तयार. दोन पोती भरून. लालसू म्हणाला, "लाकूड ओलं हाय बाबू. चार महिने वाळू द्या लागते. तडकन हे." मी म्हटलं, चालते. मग तो मला झाड दाखवायला घेऊन गेला. मला जायचं नव्हतं, पण त्याला दाखवायचंच होतं. नाल्याच्या काठी एक जुना साग त्यानं पाडला होता. बुंध्यावर आमच्या कंपनीचं चाक उठवलेलं. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर चाक. फांद्यासुद्धा रीतीप्रमाणे एका बाजूला रचलेल्या. "साहेबाच्या तोडीवर करतेत तसंच केलं," तो म्हणाला. त्यानं लपवलं काहीच नव्हतं. लपवायचं काय? तो कायदा पाळत होता!

तेव्हा बोलता आलं असतं. बुंध्यावरची खूण कुऱ्हाडीनं तासून काढता आली असती. लालसूला घेऊन तसंच रेंजर साहेबांकडे जाता आलं असतं. मी म्हणालो, "छान." आणि पोती बांधली का, विचारलं.

प्रदर्शन जोरात झालं. डब्या दीड दिवसात संपल्या. आमच्या स्टॉलसमोर अशी रेटारेटी की कनातीचा बांबू मोडला. लोक एका हातानं डबी घेत, दुसरा हात पुन्हा पुढे करत. इंजिनाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, ते सोडा. महिन्याभरात डब्या तडकल्या. चुना सांडून लोकांचे खिसे जळले, आणि कंपनीच्या नावानं चांद्यात हशा झाला. पण त्याआधीच मला आलापल्लीहून बोलावणं आलं.

नाकेदारानं—जंगलाच्या शिपायाला आमच्याकडे नाकेदार म्हणतात—फिरता फिरता तो बुंधा पाहिला होता. बुंध्यावर चाक! त्यानं लालसूला धरलं, तर लालसूनं आपणहून लोखंड आणून दाखवलं. शिक्का हाय ना, म्हणाला. बाबूनं देला.

रेंजर साहेबांच्या ऑफिसच्या व्हरांड्यात लालसू दोन दिवसांपासून बसलेला होता. मला फाटकातून येताना पाहून उठून उभा राहिला. नाकेदाराला म्हणाला—मी ऐकलं—"आला बाबू. आता सांगन थो." त्याचा चेहरा कसा मोकळा झाला, ते मी अजून बघतो. जेवताना बघतो, दाढी करताना बघतो.

साहेब भला माणूस होता. समोर कागद, हातात टाक. मी जे बोललो असतो तेच त्यांनी लिहिलं असतं. त्यांनी विचारलं, "हा शिक्का सरकारी आहे, असं तुम्ही याला सांगितलं होतं का?"

हो म्हटलं असतं तर खटला माझ्यावर आला असता. नोकरी गेली असती, नागपूर गेलं असतं. एवढंच. जीव कोणी मागत नव्हतं माझा.

मी म्हणालो, "नाही साहेब. मी फक्त डब्यांवर उठवायला दिला होता."

लालसूनं माझ्याकडे पाहिलं. तो चिडेल, ओरडेल, म्हणून मी तयारी करून गेलो होतो. अडाणी माणूस, त्याला कळलं नसेल, असं वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते लागलंच नाही. तो आठवत असावा. मग साहेबांना म्हणाला, "बाबू नाई म्हणते तं नाई असन साहेब. माह्याच डोक्यात आलं असन."

त्याच्या गावात चार माणसांसमोर कोणी खोटं बोलत नसे. माझ्या शब्दावर संशय घेणं त्याला सुचलंच नाही. संशय घेतला तो स्वतःच्याच डोक्यावर.

तीन महिने चांद्याचा तुरुंग. वासला, पटाश्या, सगळी हत्यारं जप्त. तुरुंग माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर होता. मी गेलो का भेटायला? मी बाजाराचा रस्ता बदलला. पुढच्याच महिन्यात शेठजींनी मला नागपूरला पाठवलं, तोंड बंद ठेवून कंपनीला खटल्यापासून वाचवलं म्हणून. मी पेढे वाटले. खरंच वाटले हो!

दोन वर्षांनी एका आरागिरणीवर इंजिन बसवायला आलापल्लीला जाणं झालं. पाय त्या गावाकडे वळले. लालसू आदल्या पावसाळ्यात गेला होता. तुरुंगातून खोकला घेऊन आला, तो खोकला काही गेलाच नाही, असं त्याचा धाकटा भाऊ म्हणाला. हत्यारं परत मिळाली नाहीत, आणि दुसऱ्याची पटाशी त्यानं कधी हातात धरली नाही. सोमारीनं मला ओळखलं. खाट टाकली. पाणी दिलं. मग ती भावाला माडियात काहीतरी बोलली आणि त्यानं मला मराठीत सांगितलं, "वयनी म्हणते, दादा सांगून गेला—बाबू आला तं सांगजा, माह्याच्यानं चूक झाली, तुमाले साहेबापुढं उभं राहा लागलं."

मी पाण्याचा गडू खाली ठेवला नाही. दोन्ही हातांनी धरून बसलो.

गावाबाहेर, माणूस गेला की त्याच्या आठवणीचा खांब उभा करतात तिथली माणसं. त्यानं जन्मभर जे केलं, जे त्याला प्रिय होतं, ते त्यावर कोरतात. भावानं मला लालसूचा खांब दाखवायला नेलं. मोहाच्या लाकडाचा होता, सागाचा नाही. त्यावर मोर होता, बैल होता, एक वासला होता. आणि अगदी वर, माझ्या डोळ्यांच्या समोर—गोल. गोलात चाक. खाली तीन अक्षरं, न येणाऱ्या माणसानं कोरलेली, एक उलटं.

"लय डब्या केल्या ना त्यानं, म्हणून," भाऊ म्हणाला.

तिथंही सांगता आलं असतं. तिथं साहेब नव्हते, टाक नव्हता, शेठजी नव्हते. फक्त त्याचा भाऊ होता. मी खांबाला हात लावला, आणि उशीर झाला म्हणून निघालो. त्यानंतर त्या बाजूला कधी गेलो नाही.

साहेबांनी मला विचारलं होतं, हा शिक्का सरकारी आहे असं तुम्ही याला सांगितलं होतं का.

हो साहेब. मीच सांगितलं होतं.