लांब पायांची गाडी

मी जनावरांची डॉक्टर आहे. राहते जुळे सोलापुरात, आईबरोबर, आणि काम मंद्रूपच्या पलीकडच्या गावांत. विजापूर रोडवर गाडी कुठलीही असली तरी चालते. पण जनावरं काही विजापूर रोडवर आजारी पडत नाहीत. ती पडतात शिवारात, ओढ्यापल्याड, जिथली काळी माती एकदा भिजली की पायात चप्पलसुद्धा ठेवत नाही. माझ्या स्कूटरचं पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ती माती अशी गच्च बसायची की चाक फिरायचंच थांबायचं. मग मी खाली उतरून बाभळीच्या काटकीनं चिखल खरवडत बसायची आणि तिकडं गाय अडलेली असायची.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त प्राध्यापक राहायचे. त्यांच्या इमारतीखाली, आच्छादन घालून ठेवलेली एक मोटारसायकल होती. आच्छादनातूनसुद्धा तिची उंची लपत नसे. ती रस्त्यावर आणि रस्ता सोडूनही चालावी अशा बेतानं बनवलेली जुनी गाडी. पुढचं चाक मोठं, मागचं जरा लहान, दोन्ही तारांची. पुढचा मडगार्ड चाकापासून वीतभर वर, पक्ष्याच्या चोचीसारखा बाहेर आलेला. त्या चोचीकडं माझं लक्ष गेलं आणि मी मनात म्हटलं, हिच्यात चिखल अडकणार कुठं?

सर मुलीकडं पुण्याला कायमचे जाणार होते. मी विचारायला गेले तेव्हा त्यांनी गाडीबद्दल काही सांगितलंच नाही, मलाच विचारलं.

"कुठं चालवणार?"

"मंद्रूपच्या पुढं, सर. शिवारात. मेंढ्या, गाई, म्हशी."

"म्हणजे रोज?"

"रोज."

त्यांनी खणातून किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाले, "आतापर्यंत चार जण येऊन गेले. सगळ्यांना हिचे फोटो काढायचे होते. तुम्ही न्या."

ही गाडी कंपनीनं कधीच बनवायची बंद केली होती, म्हणून सरांनी जपून ठेवलेले सुटे भागही एका पत्र्याच्या पेटीत भरून दिले. क्लच केबल, ब्रेकचा दांडा, ट्यूब, कार्बोरेटरच्या पितळी जेट. पुण्याला जाण्याआधी ते मला कॉलनीमागच्या मोकळ्या रानात घेऊन गेले.

मी उंचीला पाच फुटांच्या थोडीच वर. सीटवर बसले की दोन्ही पाय हवेत. सर म्हणाले, "दोन्ही टेकवायचा हट्ट सोडा. एका बाजूला सरका आणि एकच पाय पुरता टेकवा. आणि खराब वाट आली की बसायचं नाही. उभं राहायचं. गुडघे मोकळे सोडा, हात सैल. गाडी तुमच्याखाली नाचली तर नाचू द्या, तिला कळतं."

पहिल्या दिवशी मी तीनदा पडले. आई कडेला दगडावर बसून बघत होती. आई निवृत्त नर्स. आमच्या वस्तीत मोपेड चालवणारी पहिली बाई तीच. रात्रपाळीवरून सकाळी परत येताना लोक दारात येऊन बघायचे, असं ती सांगते. मला वाटलं, आता ती म्हणेल, पुरे. ती उठली, माझ्या कोपरावरची माती झटकली आणि म्हणाली, "उंच आहे की गं. पण तू काय बुटकी म्हणून जन्मभर खालीच उभी राहणार आहेस?"

मी परत चढले.

पुढच्या काही महिन्यांत ती गाडी मला कळत गेली. सकाळी थंड असताना चोक ओढला नाही तर ती खोकते आणि बंद पडते. चोक लवकर ढकलला तर रुसते. एकदा तापली की मात्र दिवसभर तक्रार नाही. रस्त्यातला खड्डा दिसला की माझे खांदे सवयीनं ताठ व्हायचे, आणि गाडी तो खड्डा असा गिळून टाकायची की खांदे ताठ केल्याची मलाच लाज वाटायची. बाजारातल्या ताडपत्रीवाल्याकडून मी दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या शिवून घेतल्या. एकीत औषधं, दुसरीत नळ्या, सुया, दोर. दर रविवारी मी साखळी रॉकेलच्या फडक्यानं पुसायची, तेल द्यायची, आणि आई विहारातून आली की हातात चहा घेऊन शेजारी बसायची. "आवाज आज बरा आहे," असं म्हणायची. रुग्ण बघून सांगावं तसं.

गणपती उठून गेल्यावरची गोष्ट. त्या वर्षी परतीचा पाऊस लागून राहिला होता. एका सकाळी मी दवाखान्यात पोचतच होते, तेवढ्यात फोन आला. एक मेंढपाळ बाई. उन्हाळ्यात तिच्या कळपाला मी लस टोचली होती, तेव्हा तिनं नंबर घेऊन ठेवला होता.

"डाक्टरीणबाई, मेंढ्या लसूणघासात शिरल्या वो. पोटं फुगाल्यात. एक तर पडलीच."

ओला कोवळा लसूणघास मेंढीनं पोटभर खाल्ला की पोटात फेस होतो, वायू बाहेर पडत नाही, आणि पोट नगाऱ्यासारखं ताणून ती गुदमरते. वेळ फार नसतो.

"कुठं आहात मावशी? नवरा कुठंय?"

"त्यो मंद्रूपच्या बाजारला गेलाय. मी येकलीच हाय. ओढ्याच्या वाटंला, डांबर संपतंय तितं येऊन हुबी ऱ्हाते."

मी फेस मोडणारं औषध होतं तेवढं सगळं पिशवीत भरलं आणि निघाले. डांबरी रस्ता संपतो तिथं ती उभी होती. साठीच्या आसपासची, उंच, नऊवारीचा काचा मारलेला, खांद्यावर घोंगडं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात चपला. पुढची सगळी वाट काळ्या मातीची, दोन्ही बाजूंना पाणी साचलेलं. रस्त्याकडेला एक जीप अडकून उभी होती, तिचं मागचं चाक अर्धं मातीत.

तिनं माझ्याकडं नाही, गाडीकडं पाहिलं. टाकीवर हात ठेवला, खाली वाकून बघितलं.

"हिचं पाय लांब हायत," ती म्हणाली. "जाईल."

"मावशी, बसा मागं. वाट तुम्ही दाखवा."

मी तिला कसं चढायचं ते सांगायला तोंड उघडलं, पण तिनं डावा पाय ठेवला, माझ्या खांद्यावर हात दाबला आणि एका झटक्यात टांग टाकून बसली. धनगराची बाई. बिऱ्हाड लादलेल्या घोड्यांबरोबर सारं आयुष्य काढलेलं. तिला चढायला शिकवणारी मी कोण?

मी टायरमधली थोडी हवा सोडली, म्हणजे रबर पसरून मातीत पकड धरतं, आणि आम्ही निघालो. बैलगाडीच्या चाकोऱ्या पाण्यानं भरल्या होत्या. मी दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा धरला. पहिल्यांदा पुढचं चाक घसरलं तेव्हा मी हँडल गच्च आवळलं. मग सरांचं आठवून मी हात सैल सोडले आणि चाकानं आपलं आपण वळण सरळ केलं. मागं चिखलाचे गोळे उडत होते, पण पुढचं चाक कुठंही अडलं नाही. मी उभी राहिले तशी मागं मावशीही पायांवर जोर देऊन अर्धी उठली. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

ओढ्याच्या उतारावर मात्र आम्ही पडलो. मागचं चाक आडवं झालं आणि गाडी हळूच कुशीवर लवंडली, आम्ही दोघी चिखलात. पेट्रोलचा वास आला. गाडीचं वजन माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. मावशीनं तोंडावरचा चिखल पुसला, गाडीला वळसा घातला आणि विचारलं, "हिला दुखतंय कुटं?"

"ब्रेकचा दांडा वाकलाय फक्त."

"मग धरा की."

मी हँडल धरलं, तिनं मागची कड धरली, आणि बसलेली म्हैस उठवावी तशी आम्ही तिला उठवली. दोनदा स्टार्टर दाबला, काही नाही. तिसऱ्यांदा किक मारली आणि ती लागली. मला त्या क्षणी त्या यंत्राबद्दल जे वाटलं ते कुणाला सांगितलं तर हसतील. मी तिच्या टाकीवर थोपटलं.

शेतात पोचलो तेव्हा दोन मेंढ्या गेलेल्या होत्या. बाकीच्यांपैकी निम्म्या तरी पाय फाकून, मान ताणून उभ्या होत्या, डाव्या कुशी वर आलेल्या. बांधावर घासाचा मालक संतापून उभा. त्याचं पीक तुडवलं गेलं होतं आणि तो कानडी-मराठी मिसळून बोलत होता. मी त्याला म्हटलं, "काका, भांडण नंतर करू. घरात गोडेतेल आहे का? असेल तेवढं आणा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग मेंढ्यांकडं बघितलं. त्यातली एक गुडघ्यावर आली होती. तो वस्तीकडं पळत सुटला आणि पळता पळता घरच्यांना कानडीत लवकर करा म्हणून ओरडला, "बेग, बेग!" तेलाचा डबा घेऊन तो आला तो थांबलाच नाही, मेंढीचं तोंड उघडून धरायला खाली बसला.

मावशी एकेक मेंढी बांधाच्या चढावर आणायची, पुढचे पाय वर राहतील अशी उभी करायची. मी नळी घालून औषध आणि तेल सोडायची. शेतकरी धरायचा. ज्या दोघींचं पोट फारच ताणलं होतं त्यांच्या कुशीत मला सुई टोचून वायू काढावा लागला. दुपार कलेपर्यंत आम्ही तिघं एकमेकांशी कामापुरतंच बोललो. मग एका मेंढीनं मोठी ढेकर दिली. तिच्यामागून दुसरीनं. मावशी मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. सकाळपासून तिच्या डोळ्यांत पाणी मी पाहिलं नव्हतं.

तिसरी एक मेंढी संध्याकाळपर्यंत गेली. बाकीचा कळप राहिला. शेतकऱ्यानं पिकाचं काय ते तिच्या नवऱ्याशी बोलायचं ठरवलं, आणि आम्हाला दोघींना घरी नेऊन भाकरी आणि हुलग्याचं माडगं दिलं. त्याच्या मोटारीच्या पाण्यानं मी गाडी धुतली. माती एवढी निघाली की तो म्हणाला, अर्धा वाफा तुम्हीच घेऊन चाललाय.

वाकलेला दांडा मी सरांच्या पेटीतल्या दांड्यानं बदलला. रात्री आईला सगळं सांगितलं. तिला मेंढ्यांपेक्षा मावशीचं जास्त ऐकायचं होतं. "साठीची? आणि टांग टाकून बसली?" असं तिनं दोनदा विचारलं.

थंडीत तो कळप परत त्याच शिवारात उतरला. मी दुसऱ्या एका कामाला जाताना थांबले. मावशी मेंढ्या नवऱ्यावर सोपवून माझ्याकडं आली आणि जरा लाजत म्हणाली, "डाक्टरीणबाई, त्या दिशी चिखलातनं गेलो. सडकंवर कशी पळती ती बगायचं ऱ्हायलंय की."

आम्ही मंद्रूपच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी, रस्ता मोकळा. मी वेग वाढवला. इंजिन जुनं, वरच्या वेगाला ते थरथरतं, हाताला मुंग्या येतात. मला वाटलं, मावशी घाबरेल. तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ह्या थरथरीचं काय? थकली का?"

"नाही मावशी. तिची सवय आहे."

"मग पळू दे."

परत आल्यावर तिनं मला कळपापासून लांबच थांबवलं. मेंढ्या बुजतील म्हणाली. उतरली, घोंगडं सारखं केलं आणि बांधावरून चालत गेली. नवऱ्यानं दुरूनच काहीतरी विचारलं. तिनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण ती दोन्ही हात पसरून सांगत होती.