भीमाअप्पांच्या कापसाच्या काड्या

बालाघाटाच्या कडेला एका सरकारी दवाखान्यात भीमाशंकर अप्पा लॅब टेक्निशियन होते. वरून येणाऱ्या कापसाच्या काड्या सदा संपलेल्या. पण अप्पांचं कधी अडलं नाही. अंगठा जिभेला लावायचा, काडीला कापूस वळायचा आणि पुडी ऑटोक्लेव्हमध्ये टाकायची. वाफेत जंतू मेले की वस्तू शुद्ध! देवाची वात अशी थुंकी लावून वळली असती, तर आई सुभद्राबाईने पाठीत लाटणंच घातलं असतं. पण दवाखान्यात देव कुठला?

दोन हजार दोन साली कोर्टाच्या हुकमावरून अप्पांनी तेजश्रीच्या तीन वर्षांच्या लेकीच्या गालातला नमुना घेतला. नवरा अमरसिंह म्हणत होता, "पोरगी माझी न्हाई." शहरातल्या प्रयोगशाळेने कळवलं, नमुन्यात कुणा परक्या पुरुषाचा डीएनए मिसळला आहे, त्यामुळे बाप कोण ते ठरवता येत नाही. झालं! सासरच्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. गाव त्या पुरुषाला हुडकू लागलं आणि तेजश्री माहेरी तोंड लपवून बसली.

सहा महिन्यांनी प्रयोगशाळेचं दुसरं पत्र दवाखान्यात आलं. वारसाच्या खटल्यातल्या धारूरकडच्या एका म्हाताऱ्याच्या नमुन्यातही तोच पुरुष सापडला होता. ती पोर कुठली, म्हातारा कुठला! दोघांचे नमुने घेणारा माणूस मात्र एकच. पान उलटायला अप्पांचा अंगठा जिभेकडे गेला आणि तिथेच थांबला. वाफेने जंतू मेले होते, माणसाची खूण मेली नव्हती.

"गप बसा," बायको कावेरी म्हणाली. "कोर्टात 'तो मानूस मी' म्हनलात, तर लोक म्हनतील पोर तुमचीच हाय."

तिचं खोटं नव्हतं. दोन दिवस अप्पांना अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ते कोर्टात उभे राहिले.

"साहेब, तो मानूस मीच हाय. थुंकी माझी हाय. माझंबी तपासा, अन् पोरीचा नमुना दुसऱ्याच्या हातानं घ्या."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. अप्पांना धरणी दुभंगावी असं झालं.

सीलबंद काड्यांनी नवा नमुना गेला. परका पुरुष नाहीसा झाला. बाप अमरसिंहच निघाला. अप्पांची वेतनवाढ थांबली, ती शिक्षा त्यांना कमीच वाटली.

कोर्टाबाहेर त्यांनी तेजश्रीपुढे हात जोडले. "माय, माफ कर."

"तुमी खरं बोललात अप्पा, उपकार हायेत," ती म्हणाली. "पर माझा बाप माझ्या हातचं पानी पीत नव्हता. तुमचं दुसरं पत्र यायच्या आधीच गेला तो. त्याला आता कोन सांगल?"