खुणेचा प्याला

किळस हा शब्द मी सहसा वापरत नाही. म्हातारी सासू अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिचं सगळं मी केलं, नाकाला पदर लावला नाही. पण गेल्या वर्षभरात आमच्या चर्चमध्ये बसल्याबसल्या मला जी मळमळ येते, तिला दुसरा शब्द नाही.

आमचं चर्च लहान. उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, वर पत्रे, आत बारा बाकं. बहुतेक रविवारी आमचे सेक्रेटरीच उपासना चालवतात. ते निवृत्त कारकून. प्रार्थनाही अशी वाचतात की जणू तहसीलचा अर्ज. अर्धी गाणी मराठीत, अर्धी तेलुगूत, आणि बायका दोन्ही एकाच चालीवर ओढून नेतात. पाळकांना पाच गावं सांभाळायची असतात, म्हणून ते महिन्यातून एकदा येतात. त्यांना सगळे अय्यगारू म्हणतात. त्याच रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. आदल्या दिवशी काळ्या मनुका उकळून रस काढायचा, वेदीची कापडं धुवायची, प्याला घासायचा, हे काम माझ्याकडे. माझ्या आईकडेही हेच होतं.

आमच्याकडे प्याला एकच होता. पितळेचा, आतून कल्हई केलेला. वेदीपुढच्या कठड्याशी सगळे गुडघे टेकत आणि पाळक तो एकेकाच्या ओठांना लावत. घोट लहान घ्यायचा, मागच्याला उरला पाहिजे, ही शिकवण आम्हाला पोरवयापासूनची.

त्या ओळीत सगळ्यात शेवटी एक आजी असायची. लहानपणी तिला महारोग झाला होता. मिशनच्या दवाखान्यात तो बरा होऊन जमाना लोटला, पण गेलेली बोटं काही परत येत नाहीत. दोन्ही हातांना आता नुसती पेरं उरलीत. ती चर्चमागच्या गल्लीत भाच्याकडे राहते. ती शेवटी बसते ते तिला कुणी सांगितलं म्हणून नाही, असं सगळे म्हणतात. हे वाक्यच मला ओकारी आणतं. एका बाकावर तिघी दाटीवाटीने बसतील, पण तिच्या बाकावर पर्स ठेवतील! शांतीचा सलाम देताना हातात हात घ्यायचा, तर तिच्याजवळ आल्यावर सगळ्यांना एकदम नमस्कार आठवतो.

तिला त्याचं काही वाटतं का, हे मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "बाई, सलाम नाई भेटला त भेटला नाई. तो प्याला तोंडाले लागते ना महिन्यातून एकडाव, तेवढ्यासाठी येतो मी. तो सगळ्यायचा असते."

मग कोरोना आला आणि प्याला बंद झाला. कोरोना गेला, प्याला मात्र कपाटातच राहिला. त्याच्या जागी स्टीलचे चिमुकले पेले आले, खोकल्याच्या औषधाच्या मापाएवढे. ज्याचा त्याचा वेगळा. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण एका शनिवारी मी रस गाळत होते, तेव्हा सेक्रेटरी आले आणि दारातूनच म्हणाले, "त्या आजीचा पेला अलग ठेवत जा. बुडाला काई खूण करा."

"काऊन?" मी विचारलं. "रोग तर केव्हाच बरा झाला तिचा."

"आमी भेदभाव थोडीच करून राह्यलो? हायजीन हाय हे. लोकं बोलून राह्यले."

मी भडकले. म्हटलं, तुमच्या-माझ्या आजोबांची कपबशी मुधोळच्या हॉटेलाबाहेर कोनाड्यात असायची, विसरलात का? चहा वरून ओतायचे, आणि पिऊन झाल्यावर आपली आपण विसळून परत ठेवायची. त्याच अपमानापायी ती माणसं ह्या एका प्याल्याकडे आली ना? सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचे आजोबाही त्याच कोनाड्यातले. मग ते म्हणाले, "तुमची पोरगी बी आता प्रभुभोजन घेते ना? मग धुवा सगळे पेले एकाच पाण्यात."

माझ्या मुलीचं दृढीकरण होऊन, म्हणजे तिला प्रभुभोजन घेता येऊ लागून, दोन महिने झाले होते. ते गेल्यावर मी घरी जाऊन तिचंच लाल नेलपॉलिश आणलं आणि एका पेल्याच्या बुडाला ठिपका दिला. दोन ठिपके दिले, चुकू नये म्हणून. तो पेला मी वेगळ्या वाटीत धुऊ लागले. आणि दर महिन्याला धुताना सेक्रेटरींना शिव्या द्यायचे.

ह्या पेल्यांनी आणखी एक घोळ झाला, तो कुणाच्या ध्यानातही आला नाही. पेरांनी एवढासा पेला उचलता येतो थोडाच! आजी दोन्ही तळव्यांत धरायला जायची, तो निसटायचा. अय्यगारू पेल्यांची थाळी घेऊन क्षणभर थांबत, मग म्हणत, "पर्वालेदु, चालते, आजी. भाकर भेटली ना, बस झालं." आणि पुढे सरकत. असे तीन महिने ती कोरड्या ओठांनी परत गेली. चौथ्या महिन्यात मला राहवलं नाही. मी नवी साडी नेसून, मुद्दाम सगळ्यांच्या देखत, कठड्याशी तिच्या शेजारी जाऊन गुडघे टेकले. माझ्यासारखी मीच, असं वाटत होतं. पाठीमागे बाकं कुजबुजली तेव्हा तर मान आणखी ताठ झाली.

थाळी आली. कोपऱ्यातला खुणेचा पेला मी उचलला आणि आजीच्या ओठांना लावला. तिने डोळे मिटले. थेंबभर घेतला न घेतला तोच तोंड मागे केलं.

"सगळं घे ना, आजी," मी म्हटलं.

"बस. मागच्याले ठेवा लागते." तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या मागे कुणी नव्हतं. शेजारी मीच होते. "घे, माय."

इतक्या वर्षांची सवय तिची. पेला तिच्या एकटीचा आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ठिपके तर बुडाला होते. अय्यगारू थाळी धरून उभे होते. मी पेला ओठांकडे नेला. आणि तेवढ्यात माझ्या डाव्या हाताने पदराचं टोक धरून त्याची कड पुसली. मी ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेला, सराईतासारखा.

आजीने ते पाहिलं. तिच्या तोंडावर राग आला नाही, आला असता तर बरं झालं असतं. तिने दोन्ही पेरांमध्ये आपल्या जुन्या लुगड्याचा पदर धरला आणि माझ्यापुढे केला.

"नवी साडी हाय तुही, डाग पडन," ती हळूच म्हणाली. "ह्याने पूस."

मी तो घोट प्यायले. घशातून जे वर आलं ती किळसच होती, आणि ह्या वेळी ती सेक्रेटरींची नव्हती.